प्लंबरला देता तसे पैसे द्या

गेल्या अंकात इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र रॉकवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत कौतुक, निम्म्यांत "मराठी मासिकात हे कशाला?" कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली, कारण त्यांत प्रश्न नसतात. उरलेल्यांतली काही निवडून, कापूनछाटून इथे देते. नव्या वाचकांसाठी एवढंच की मी संगीतसमीक्षक वगैरे नाही. पिंपरीतल्या एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. कुठल्या भागाला किती पैसे लागले ते दिवसभर काढायचं आणि संध्याकाळी गाणी ऐकायची. दोन्ही सवयी आता एकमेकींत मिसळल्या आहेत, त्याला इलाज नाही.

प्रश्न : १९८० च्या दशकातली ब्रिटनमधली इंडी गाण्यांची यादी चाळत होतो. त्यात चक्क पॉपवाली कायली मिनोग! छापताना गफलत झाली असेल ना? — एक वाचक, नाशिक

गफलत नाही. मला तर ती नोंद फार आवडते.

ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डांच्या खपाची वेगळी यादी जानेवारी १९८० पासून निघायला लागली. पहिल्याच यादीत अव्वल होता स्पिझएनर्जी नावाचा बँड, जो आज माझ्यासारख्या चार खुळ्यांनाच आठवत असेल. यादीत शिरायची अट साधी होती. रेकॉर्ड दुकानात पोचताना मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी. गिटार किती मळकट वाजते, गायक किती उदास आहे, केस डोळ्यांवर आलेत का, हे कोणी विचारत नव्हतं. माल कोणाच्या गाडीतून आला, एवढंच विचारत होते.

आणि ती गाडी उभी करणं सोपं नव्हतं. जेफ ट्रॅव्हिसने १९७६ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात रफ ट्रेड हे दुकान काढलं. दुकानातून वितरण सुरू झालं, मग लेबल म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी, मग गावोगावच्या तसल्याच दुकानांना जोडून 'कार्टेल' नावाचं जाळं. मँचेस्टरच्या कुठल्याशा पोरांनी हजार प्रती छापल्या तर त्या ब्रिस्टलच्या दुकानात पोचायची सोय झाली. दुसरीकडे पीट वॉटरमनचं पीडब्ल्यूएल हे लेबल स्वतःच्या पैशावर चालायचं आणि त्याचा माल पिनॅकल ही स्वतंत्र कंपनी वाटायची. कायली त्या लेबलवर. नियमावर बोट ठेवलं तर तीही इंडीच! लांब कोट घालून फिरणाऱ्या इंडीप्रेमी मंडळींचा तिळपापड झाला, पण नियम नियम असतो.

'एनएमई' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने १९८६ मध्ये २२ बँडांची एक कॅसेट काढली आणि तिथून इंडी म्हणजे किणकिणणारी गिटार आणि लाजरा आवाज, असं डोक्यात पक्कं बसत गेलं. त्यातली काही गाणी मलाही आवडतात. पण आवाजावरून ओळखायचं म्हटलं की कोणतीही बलाढ्य कंपनी तसा आवाज काढून देते. तुम्ही आज 'इंडी' म्हणून जे ऐकता, त्यातलं बरंच तसं आहे. मालकी कोणाची ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी आधी तिकडे बघते.

प्रश्न : मोठ्या कंपनीने अडीच लाख डॉलर पुढे केले तर बँडने घेऊच नयेत का? गरिबीचा एवढा सोस कशाला? कोणी चार पैसे कमावले की "विकला गेला, विकला गेला" म्हणून गळा काढायचा, हा निव्वळ मत्सर आहे. — निवृत्त बँक अधिकारी, सांगली

घ्यावेत की! मात्र आधी कागद वाचावा. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा तुमच्याशी आकड्यांतच बोलते.

शिकागोचा ध्वनिमुद्रक आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी याने १९९३ मध्ये 'द बॅफलर' या छोट्या नियतकालिकात एक लेख लिहिला. लेखाची सुरुवात अशी घाणेरडी आहे की इथे सांगता येत नाही. शेवटी मात्र एक ताळेबंद जोडला आहे, आणि मी वाचलेल्या संगीतविषयक लिखाणात माझ्या मते तेच सर्वोत्तम पान आहे. एक काल्पनिक बँड घेतलाय. चौघं जण. कंपनीने अडीच लाख डॉलर उचल दिली. मग खर्च एकेका ओळीत येतो. मॅनेजर, वकील, स्टुडिओ, व्हिडिओ, दौऱ्याची बस. नवी झकपक बटाट्याच्या आकाराची बेस गिटार, १,००० डॉलर. मित्रांना जंगी पार्टी, ५०० डॉलर. हिशेब लिहिताना हा माणूस हसत होता, ते कळतं.

आता जमेची बाजू. अल्बमच्या अडीच लाख प्रती खपल्या, म्हणजे कोणत्याही बँडला स्वप्नात दिसावा असा खप. दुकानातली किंमत १२ डॉलर. रॉयल्टी १३ टक्के, तीही पूर्ण किमतीवर नाही, किमतीच्या ९० टक्क्यांवर. गुणाकार करून बघा, ३,५१,००० डॉलर येतात. त्यातून उचल वजा, २,५०,०००. प्रोड्यूसरचा हिस्सा ४०,०००. जाहिरात २५,०००. आधीच्या छोट्या लेबलकडून बँडला सोडवून आणलं त्याचे ५०,०००. उरले किती? उणे १४,०००. अडीच लाख प्रती विकून बँड कंपनीचं देणं लागतो, आणि करारातला जेमतेम चौथा हिस्सा पार पडलाय.

ऊसतोडीला निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, हंगामभर कोयता चालवतं आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधलेलं राहतं. कष्टांची तुलना करत नाही, गिटारवाल्याच्या हाताला तसे घट्टे पडत नाहीत. कागद मात्र तोच.

ताळेबंदाच्या तळाशी सगळ्यांची कमाई आहे. कंपनी ७,१०,०००. प्रोड्यूसर ९०,०००. मॅनेजर ५१,०००. वकील १२,०००. बँडमधला प्रत्येक जण ४,०३१ डॉलर २५ सेंट. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले असते तर मिळालं असतं त्याच्या साधारण एक तृतीयांश, असं अल्बिनी लिहितो. ते २५ सेंट त्याने गाळले नाहीत, यासाठी मी त्याला मानते.

माझा एक आक्षेप आहे, आणि तुम्हीही तो घ्याल म्हणून आधीच सांगते. कंपनीचे ७,१०,००० हा ढोबळ नफा आहे. कचेरीचं भाडं, पगार, आणि ज्या बँडांची एकही रेकॉर्ड खपली नाही त्यांच्यावर बुडालेले पैसे त्यात धरलेले नाहीत. ऑडिटमध्ये मी तिथे लाल पेन फिरवलं असतं. पण म्हणून बँडच्या रकान्यातला आकडा बदलत नाही.

आणि मत्सराचं म्हणाल तर हा माणूस स्वतः काय करत होता ते बघा. निर्वाणा या गाजलेल्या बँडचा 'इन युटेरो' हा अल्बम त्याने रेकॉर्ड केला तेव्हा हातात लॉटरीचं तिकीट होतं. खपातला एक टक्का घेतला असता तरी पुढच्या पिढ्या बसून खात्या. त्याने बँडला आधीच पत्र लिहून कळवलं की मला रॉयल्टी नको, प्लंबरला देता तसे पैसे द्या, काम करतो, कामाचे घेतो. एकरकमी १,००,००० डॉलर घेतले. पिक्सीज या बँडच्या १९८८ च्या अल्बमचे तर १,५०० घेतले होते. प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही, श्रेयात 'रेकॉर्ड केलं' एवढंच. १९९७ मध्ये शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला, तिथे कारखान्यातल्या फिटरसारखा बॉयलर सूट घालून काम करायचा, आणि कोणीही अनोळखी बँड फोन करून तारीख घेऊ शकायचा. ७ मे २०२४ ला, ६१ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. तरुणपणी त्याने बँडला दिलेली नावं आणि लिहिलेल्या ओळी किळसवाण्या होत्या. लोकांना डिवचणं म्हणजेच धाडस, असं त्या काळच्या त्या वर्तुळातल्या अनेक गोऱ्या पोरांना वाटायचं. २०२१ मध्ये त्याने ते स्वतःच जाहीर कबूल केलं, सबबी न सांगता.

तुमच्या बाजूनेही एक नोंद करते. सॉनिक यूथ बँडवाले १९९० मध्ये गेफेनसारख्या बड्या कंपनीकडे गेले आणि पंधराहून अधिक वर्षं मनाला येईल ते वाजवत राहिले. म्हणजे कंपनीच्या दारात पाय ठेवला की सगळेच बुडतात असं नाही. त्यांना वाटाघाटी कळत होत्या. बाकीच्यांना १९ व्या वर्षी चाळीस पानी करार वाचायला देतात, तोही पेन हातात देऊन.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. पुण्यात ऐकावेसे वाटणारे बँड वाजवतात ते बारमध्ये, आणि मला दारावरूनच परत पाठवतात. मला प्यायची नाही हो, गाणी ऐकायची आहेत. माझी एक सीनियर मैत्रीण आत गेली तर पुढच्या रांगेतल्या धक्काबुक्कीत तिचा चष्मा फुटला. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

अरे, तुझा राग बरोबर आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं लागतात. बारची कमाई दारूवर, बँड म्हणजे गिऱ्हाईक बसवून ठेवायची सोय. मग ज्याच्याकडून बिल होणार नाही त्याला आत कोण घेईल?

हीच अडचण १९८० मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या काही शाळकरी पोरांना आली होती. टीन आयडल्स नावाचा त्यांचा बँड होता. कॅलिफोर्नियाला वाजवायला गेले तर सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबने त्यांच्या हातावर काळ्या मार्करने मोठी फुली मारली. यांना दारू द्यायची नाही, पण आत राहू द्यायचं. परत आल्यावर त्यांनी आपल्या गावातल्या क्लबला हीच फुली सुचवली. पुढे ती फुली न पिणाऱ्या पंकवाल्या (पंक म्हणजे रॉकचा एक रांगडा प्रकार) पोरांची खूण होऊन बसली, तो वेगळा विषय. त्याच पोरांनी कार्यक्रमांचे साठवलेले पैसे वाटून न घेता त्यात आपली रेकॉर्ड छापली, आणि डिस्कॉर्ड हे लेबल सुरू झालं. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन. लेबल आजही चालू आहे, बँडांशी लेखी करार न करता.

मॅकायचा नंतरचा एक बँड फुगाझी. माझ्या मते रॉक संगीतात हिशेबाची सर्वांत सुंदर वही यांची. तिकीट पाच डॉलरच्या आसपास आणि वयाची अट नाही. ते जमायचं कसं? मॅनेजर नाही, टी-शर्ट विकायचे नाहीत, व्हॅन स्वतः चालवायची, चर्चची तळघरं आणि सार्वजनिक सभागृहं भाड्याने घ्यायची. तिकीट स्वस्त हवं म्हणून खर्च कापला. पुढच्या रांगेत कोणी लोकांच्या अंगावर उड्या मारायला लागला तर गाणं थांबवून त्याला सौम्य शब्दांत समज द्यायचे, ऐकलं नाही तर बाहेर काढायचे, आणि पाकिटात घालून पाच डॉलर परत करायचे. पाकिटं आधीच तयार असायची! चिडून हाकललं असतं तर तो पोरगा मर्द म्हणून मिरवला असता. पाकीट हातात घेऊन घरी जाणाऱ्याला मिरवायला काय उरतं?

तुझ्या मैत्रिणीला सांग की तिच्या चष्म्याचा प्रश्नही जुनाच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावच्या बिकिनी किल बँडची कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलवायची आणि मुलांना मागे सरकायला सांगायची. भांडणं व्हायची, शिव्या बसायच्या, तरी बोलवायची.

तुम्ही काय करू शकता? कॉलेजचं सभागृह दुपारी रिकामं असतं. सोसायट्यांचे हॉल वाढदिवसांना देतात, तीन बँडांना का नाही? आमच्या पेठांतली गणेश मंडळं भिंतीएवढे स्पीकर आणतात, त्यांतल्या एखाद्याने दहा दिवसांतली एक संध्याकाळ गल्लीतल्या बँडला दिली तर मी स्वतः वर्गणी दुप्पट करीन. आवाज मात्र माणसांच्या कानांना सोसेल इतका, आणि दहाच्या आत बंद.

प्रश्न : माझ्या नवऱ्याकडे परदेशी बँडांच्या रेकॉर्डी कपाटभर आहेत. मी अजय-अतुल लावलं की तो खोली सोडून जातो. मुलीला आवडणारं काहीही "कमर्शियल" म्हणून उडवून लावतो. बँड प्रसिद्ध झाला की त्याचा उतरतोच. याला काय म्हणावं? — एक गृहिणी, डोंबिवली

ताई, याला छंद म्हणतात, आणि तो संगीताचा नाही.

त्यांच्या कपाटात मिनटमेन या बँडचा १९८४ चा जोड-अल्बम असणारच. तो काढून त्यांना मागची बाजू वाचायला द्या. कॅलिफोर्नियाच्या सॅन पेड्रो बंदरातल्या कामगार घरांतली ही तीन पोरं, पंकमधली सर्वांत काटकसरी. त्या अल्बमवर त्यांनी क्रीडन्स, स्टीली डॅन आणि व्हॅन हेलन यांची गाणी वाजवली आहेत. तिघंही रेडिओवर रतीब लागलेले, लाखांनी खपणारे. वर ज्याच्याबद्दल लिहिलं त्या अल्बिनीच्या बिग ब्लॅक या बँडने चीप ट्रिकचं गाणं वाजवलंय. वाजवणाऱ्यांना कधीच सोवळं नव्हतं. सोवळं पाळतात ते कपाटवाले.

दुसरं, त्यांना विचारा की या वर्षात कुठल्या जिवंत बँडला किती रुपये दिले. जुन्या रेकॉर्डी दलालाकडून चढ्या भावाने घेतल्या, त्यातला छदामही बँडला जात नाही. हे ऐकून ते खोली सोडून गेले तर अजय-अतुल लावा, मोठ्याने. त्यांच्या ढोल-ताशांचं आणि तंतुवाद्यांचं जे रेकॉर्डिंग असतं त्याला नावं ठेवणाऱ्याचे कान मी तरी तपासून घ्यायला सांगेन.

मुलीला मात्र जपा. पंधराव्या वर्षी बापाने नाक मुरडलं की पोरं गाणी हेडफोनमध्ये लपवतात.

प्रश्न : पिचफोर्क या संगीतपरीक्षणांच्या वेबसाइटने दहापैकी किती गुण दिले ते बघून अल्बम ऐकतो. बरोबर आहे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

परीक्षा संपली, आता तरी मार्क सोडा. एका तरुणाने १९९० च्या दशकात घरून सुरू केलेलं हे प्रकरण २०१५ मध्ये कॉन्डे नास्ट या मासिकांच्या बड्या कंपनीने विकत घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या फॅशनच्या 'जीक्यू' मासिकाखाली नेऊन ठेवलं. त्यांचे काही लेखक उत्तम होते, त्यांचे लेख वाचा. ७.८ आणि ८.१ मधला फरक मला नटबोल्टात कळतो, गाण्यात नाही.

प्रश्न : आम्ही रंगभवनला आय-रॉक ऐकलंय, बाई. ती मजा आता नाही. — एक वाचक, दादर

यात प्रश्न नाही, पण रंगभवनचं नाव काढलंत म्हणून घेतलं. धोबी तलावला झेव्हियर्सच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह. इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे तुमचं आय-रॉक, हे रॉक बँडांचं संमेलन १९८६ मध्ये सुरू झालं तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवायचे आणि त्यातच धन्य व्हायचे. रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेच पुढे इंडस क्रीड झाले. आणि ज्या मासिकाने देशभरच्या या पोरांना एकमेकांचा पत्ता दिला ते 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ मध्ये निघालं कुठून, तर अलाहाबादहून! मुंबईहून नाही, बंगळुरूहून नाही.

शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनचे कार्यक्रम बंद झाले. शेजारी कॉलेज आहे, इस्पितळ आहे, नियमाला माझा विरोध नाही. पण कॉलेजच्या पोराला परवडेल असं दुसरं उघडं नाट्यगृह शहराने बांधून दिलं नाही, ते मला खुपतं. पुढे लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग हा क्लब आला, पुण्यात २०१० पासून वीकेंडर हा संगीतमहोत्सव आला. आवाज आणि उजेड उत्तम, आणि तिकिटाच्या वर खाण्यापिण्याचं बिल. तुमची मजा गेली ती वयामुळे किती आणि तिकिटामुळे किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

प्रश्न : आम्ही चौघं, कोल्हापूर. मराठीत रॉक करतो. पाच गाणी तयार आहेत, साठ हजार जमवलेत. लोक म्हणतात मराठीत रॉक बसत नाही, हिंदीत करा. दुसरं म्हणजे रेकॉर्ड करून पुढे काय करायचं? ड्रमर आमचा नाही, भाड्याने आणतो.

साठ हजार बक्कळ आहेत. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी १९७७ च्या जानेवारीत पहिली रेकॉर्ड काढली ती मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेतलेल्या ५०० पौंडांवर. हजार प्रती छापल्या. पाकिटावर प्रत्येक गाण्याखाली लिहिलं की हा कितवा टेक आहे आणि वरून काही जोडलंय का. वाचणाऱ्याला कळलं, अरे, यात जादू नाही, आपणही करू. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावच्या द क्लीनने १९८१ मध्ये ५० डॉलरमध्ये गाणं रेकॉर्ड केलं, तेही त्यांच्या देशाच्या डॉलरमध्ये, आणि ते देशाच्या यादीत १९ व्या क्रमांकाला गेलं. निर्वाणाचा पहिला अल्बम ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झाला.

तुमच्या पैशांतले निम्मे स्टुडिओला, पण स्टुडिओत शिरण्याआधी महिनाभर गाणी इतकी घोटा की टेक तीनच्या वर जायला नकोत. तास तिथे जळतात. व्हिडिओवर पहिल्यांदा एक पैसा घालू नका. उरलेले गावोगाव वाजवायच्या प्रवासाला ठेवा.

मराठीत बसत नाही म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. केरळच्या अवियलने २००८ मध्ये मल्याळममध्ये अख्खा रॉक अल्बम काढला आणि मल्याळमचं अक्षर न कळणारे आपल्याकडचे लोक तो ऐकतात. इंडियन ओशनचं 'कंदिसा' तर सीरियन ख्रिस्ती लोकांची अरामाइक प्रार्थना आहे. आणि आपल्या मराठीत हे घडून गेलंय, फक्त गिटारऐवजी कवितेत. मुंबईच्या काही कवींनी १९५० च्या दशकात 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं, १९६३ मध्ये अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. प्रतिष्ठित मासिकं छापणार नाहीत तर आपण छापू, खिशातून, थोड्या प्रती. त्याच शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये कोलटकरांच्या कविता काढल्या. लेबल वेगळं काय असतं?

एक अडचण मात्र खरी आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात पडतं. जातो, येतो, गातो. तुम्ही पाठवलेल्या ओळींत हे फार झालंय. तिसऱ्या गाण्यात पंचगंगेच्या पुराचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाई मशिनपर्यंत येतं, ती ओळ बिनयमकाची आहे आणि पाचही गाण्यांत तीच लक्षात राहते. तसं लिहा.

पुढचं व्यवहाराचं. स्पॉटिफायवर टाका, लोकांना सापडायला तेवढं लागतं, पण पैशाची आशा ठेवू नका. २०२४ पासून एखादं गाणं वर्षात हजारदा ऐकलं गेलं नाही तर त्याला रॉयल्टीच नाही. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, बाकीतून पैसे पाठवण्याचं शुल्क जाऊन उरतं ते तुमचं. ती कंपनीही २०२२ आणि २०२३ मध्ये दोनदा विकली गेली आणि निम्मी माणसं घरी बसवली, तेव्हा तिच्यावरही विसंबू नका. मूळ रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कांवर दोन वेगळ्या घरांत ठेवा. शब्द आणि चाल कोणाची ते आत्ताच, मैत्री आहे तोवर, लिहून सह्या करा. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही, हे कोणी कागद पुढे सरकवला तर आठवा.

ड्रमरचं नाव टाका, त्याच अक्षरांत, आणि पैसे रेकॉर्डिंगच्या दिवशीच हातावर ठेवा. निर्वाणाच्या त्या ६०६ डॉलरवाल्या अल्बमवर एका गिटारवादकाचं नाव आणि फोटो आहे, ज्याने त्यावर एक सूरही वाजवलेला नाही. त्याने पैसे भरले होते. तुमच्याकडे उलटं होऊ देऊ नका.

झालं की एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर धाडा. फुकट नको, किंमत टाकून पाठवा.